माळरानावरून मालवणच्या दर्याकडे

बिदर, भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या बाजूच्या आपल्या खेड्यापाड्यांत समुद्र हा केवळ ऐकण्यातला विषय आहे. आपल्या नद्यासुद्धा जवळच्या समुद्राकडे पाठ फिरवून वाहतात. भीमा कृष्णेला मिळते, मांजरा गोदावरीला मिळते आणि दोघींचेही पाणी अखेरीस दूर पूर्वेच्या बंगालच्या उपसागरात जाते. परंतु मृग नक्षत्रात तूर पेरणारा शेतकरी ज्या ढगांची वाट पाहतो, ते बहुतांशी पश्चिमेच्या अरबी समुद्रावरूनच येतात. ज्याच्या कृपेने आपली शेते भिजतात, तो दर्या जन्मात एकदा तरी डोळे भरून पाहावा, अशी इच्छा कोणाच्या मनात येणार नाही?

आपल्याकडून मालवण सुमारे सहाशे किलोमीटर आहे. सोलापूर आणि कोल्हापूर मागे टाकले, की राधानगरीवरून फोंडा घाट उतरावा आणि कणकवलीहून मालवण गाठावे. घाट उतरताच हवा दमट होते, ज्वारीच्या शेतांची आठवण मागे पडते आणि नारळी-पोफळीच्या बागा सुरू होतात. तरीही एक वस्तू आपल्या ओळखीची भेटते. ती म्हणजे तांबडा जांभा दगड. बिदरचा किल्ला ज्या जातीच्या दगडातून उभा राहिला, त्याच जातीच्या चिऱ्यांनी कोकणातल्या माणसाने आपली घरे आणि विहिरी बांधल्या आहेत. परक्या मुलुखात सोयरा भेटावा, तसे वाटते.

मालवणसमोर कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये बांधावयास घेतलेला सिंधुदुर्ग उभा आहे. या परिसरातील समुद्राला १९८७ मध्ये सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला. दक्षिणेस तारकर्ली आणि देवबाग ही गावे एका चिंचोळ्या वाळूच्या पट्टीवर वसली आहेत. त्यांच्या एका अंगाला समुद्र, तर दुसऱ्या अंगाला कर्ली नदी. येथूनच पहाटे डॉल्फिन दाखविण्यास होड्या निघतात. पावसाळ्यात दर्या खवळलेला असल्याने हा व्यवसाय बंद असतो. ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत जावे, आणि वारा पडलेला असतो अशा सकाळच्या वेळी जावे. पोटात हलके अन्न असावे. अंगावर लाइफ जॅकेट चढविल्यावाचून मुलाबाळांना होडीत बसवू नये.

आम्ही गेलो त्या दिवशी पाणी तेलासारखे संथ होते. बराच वेळ काहीच दिसले नाही. मग निवतीच्या दिशेने एक करडी पाठ वर आली, तिच्या मागोमाग दुसरी. पाठीवर मध्यभागी उंचवटा असलेले हे कुबडे डॉल्फिन किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात राहतात. दिसायला मासा, पण हा जीव मासा नव्हे. तो आपल्यासारखाच फुप्फुसांनी श्वास घेतो, पिलाला जन्म देतो आणि दूध पाजतो. पिलू कित्येक महिने आईच्या कुशीला बिलगून पोहते.

इतक्यात मागून दोन होड्या इंजिनाचा गडगडाट करीत आल्या आणि थेट त्या कळपात शिरल्या. माणसे उभी राहून ओरडू लागली. क्षणार्धात सारे डॉल्फिन खाली गेले. आमच्या वृद्ध होडीवाल्याने मात्र इंजिन बंद केले आणि म्हटले, “आता गप बसा.” पाच-सहा मिनिटे लाटांच्या चुबकण्याखेरीज आवाज नव्हता. मग डाव्या अंगाला फूस असा श्वास ऐकू आला. एक मादी आणि तिचे पिलू आपण होऊन वर आली होती.

या प्रसंगात मोठी गोष्ट सामावली आहे. डॉल्फिन आवाजावर जगतो. स्वतः ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून तो भक्ष्य आणि वाट शोधतो. इंजिनांचा कोलाहल झाला, की त्याला जणू आंधळेपण येते. श्वासासाठी वर येणाऱ्या जिवाचा पाठलाग करणे म्हणजे त्याचा श्वासच अडविणे होय. ऑस्ट्रेलियासारख्या देशांत होडीने डॉल्फिनपासून ५० मीटर आणि देवमाशापासून १०० मीटर दूर राहावे, असा दंडक आहे. आपल्याकडेही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने डॉल्फिन व देवमासे यांना सर्वोच्च संरक्षण दिले आहे. परंतु भर समुद्रात प्रत्येक होडीमागे शिपाई कोठून आणावा? होडीवाला गिऱ्हाइकाच्या मर्जीकडे पाहतो. “जवळ घ्या, जवळ घ्या” असे आपणच म्हटले, तर तो बिचारा काय करील? मासळी कमी मिळू लागलेल्या घराची चूल या होडीवर पेटते. डॉल्फिन दूर गेले, तर ती चूलही विझेल.

देवमासे मात्र खोल पाण्यात असल्याने या होड्यांतून सहसा दिसत नाहीत. तरी ते आपल्या समुद्रात आहेत. जून २०१५ मध्ये रायगड जिल्ह्यातील रेवदंड्याच्या किनाऱ्यावर सुमारे ४२ फूट लांबीचा निळा देवमासा येऊन पडला व मेला. त्याहून सुखद कथा लुबान नावाच्या कुबड्या देवमाशाच्या मादीची आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये ओमानच्या किनाऱ्याजवळ संशोधकांनी तिच्या अंगावर उपग्रहास संदेश देणारे यंत्र बसविले. ती अरबी समुद्र ओलांडून गोव्याच्या बाजूस आली, भारताच्या दक्षिण टोकापर्यंत गेली आणि पुन्हा ओमानकडे परतली. तिच्या जातीचे देवमासे इतर कुबड्या देवमाशांप्रमाणे ध्रुवाकडे जात नाहीत. ओमानच्या किनाऱ्याला ते शंभराहूनही कमी उरले असावेत, असा अंदाज आहे. अरबीत ‘लुबान’ म्हणजे ऊद. आपला ‘लोबान’ हा शब्द त्याच कुळातला. पूर्वेकडील ज्ञानी पुरुषांनी बाळ येशूला वाहिलेल्या भेटींपैकी एकीचे नाव घेऊन ही मादी आपल्या किनाऱ्याजवळून गेली आणि आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता!

योनाची गोष्ट आपल्या मुलांना पाठ असते. त्या गोष्टीतला महामत्स्य माणसाला गिळतो खरा, पण सुखरूप किनाऱ्यावर आणूनही सोडतो. आज त्या जळचरांना सुखरूप ठेवण्याची पाळी माणसावर आली आहे.

म्हणून वाचकहो, सुगी आटोपल्यावर सवड काढून अवश्य जा. होडीत बसण्याआधी भाडे ठरविताना एक वाक्य अधिक बोला: “मामा, पाठलाग नको, लांब थांबून इंजिन बंद करा, आम्ही वाट पाहू.” पावसाची वाट पाहण्यात ज्यांचा जन्म गेला, त्या आपल्या लोकांना तेवढे थांबणे काही जड जाणार नाही.