काचेच्या कपाटातले चाचे

माणसाने कशाचा संग्रह करावा याविषयी आपल्याकडे काही संकेत ठरून गेलेले आहेत. पोस्टाची तिकिटे जमवणारा अभ्यासू समजला जातो, जुनी नाणी जमवणारा विद्वान. अडकित्ते जमवणाऱ्याचेसुद्धा लोक कौतुक करतात. पण बँकेतून सुखरूप निवृत्त झालेला, पासष्टी ओलांडलेला गृहस्थ बोटाएवढे प्लॅस्टिकचे समुद्री चाचे जमवतो म्हटले की आलेले पाहुणे एकदम चहाच्या कपात बघू लागतात. मग आमची ही बिस्किटांची बशी पुढे सरकवीत त्यांना धीर देते, "दुसरं काही व्यसन नाही हो त्यांना!"

लेगो या डॅनिश कंपनीच्या ठोकळ्यांबरोबर ही बाहुली येतात. उंची अवघी चार सेंटीमीटर. डोके, धड, पाय, सारे निरनिराळे होते. टोपी काढता येते, पंजा मनगटातून उपसता येतो. १९७८ साली ही हातपाय हलवणारी बाहुली प्रथम निघाली तेव्हा साऱ्यांचा चेहरा एकच होता. पिवळ्या डोक्यावर दोन काळे ठिपके आणि खाली एक हसरी रेघ. पोलीस हसे, डॉक्टर हसे आणि आगीचा बंब घेऊन निघालेला जवानही हसतच निघे! मग १९८९ साली चाचे आले आणि हे सारे बदलले. कुणाला दाढी आली, कुणाला मिशा, कुणाच्या डोळ्यावर पट्टी. हाताच्या जागी आकडा आणि पायाच्या जागी लाकडी खुंट या बाहुल्यांत पहिल्यांदा दिसला तो त्यांच्याच अंगावर. मला याची मोठी मौज वाटते. सज्जनांना अकरा वर्षे एकच चेहरा पुरला. माणसागणिक वेगळा चेहरा देण्याची वेळ आली ती दरवडेखोरांवर.

माझा पहिला चाचा दादाने आणला. माझा थोरला भाऊ मालवाहू जहाजांवर नोकरीला होता. १९९० साली तो रॉटरडॅमहून परतला तेव्हा माझ्या चार वर्षांच्या मुलासाठी त्याने एक खोके आणले होते. मुलाने दोन दिवस खेळून ते बाजूला टाकले. मी ते उचलून ठेवले ते कायमचेच. त्यात लाल दाढीचा, काळ्या टोपीवर कवटी मिरवणारा कप्तान होता. पुढे दादाच्या प्रत्येक फेरीगणिक माझ्याकडे एकेक गडी वाढत गेला. माकड आले, पोपट आला. चाच्यांना पकडणारे निळ्या डगल्यांचे शिपाईही आले, पण त्यांच्याविषयी मला कधी जिव्हाळा वाटला नाही. आम्ही मूळचे अलिबागचे. आणि इंग्रज कंपनीच्या कागदांत आमच्या कान्होजी आंग्र्यांनाही चाचाच म्हटलेले आहे. तेव्हा डगला कुणाचा आणि दप्तर कुणाचे, हे पाहूनच आम्ही शिव्या द्यायच्या की नाही ते ठरवतो.

संग्रहाचे काम दिसते तितके सोपे नसते. उन्हात पिवळा चेहरा मळकट होतो, म्हणून कपाट खिडकीपासून दूर हवे. कोमट पाण्यात, दात घासायच्या जुन्या मऊ ब्रशाने त्यांना आंघोळ घालावी लागते, आणि तीही जपून. छातीवरची नक्षी एकदा गेली की गेली. बाहुले मिळते, पण त्याची तलवार नसते. तलवार मिळते, तर टोपी नसते. एक तर मला मुंबईच्या चोरबाजारात घड्याळांच्या पट्ट्यांच्या ढिगात सापडला. चाच्याने सापडावे तर आणखी कुठे! आज कपाटात सत्तेचाळीस जण आहेत.

त्या कपाटाकडे पाहवेनासे झाले असे एक वर्ष आमच्या घरात येऊन गेले. २०१० साल होते. सोमालियाचे चाचे तेव्हा एडनच्या आखातातून पुढे सरकत अरबी समुद्रात येऊन जहाजे पळवीत होते. ऑक्टोबर २००८ पासून आपल्या नौदलाची जहाजे त्या आखातात गस्त घालीत होती, तरी धास्ती होतीच. दादाच्या निवृत्तीला तीन वर्षे उरली होती, आणि त्याचे जहाज त्याच वाटेने जाणार होते. वहिनी आमच्याकडे राहायला आल्या. पहिल्याच संध्याकाळी त्या कपाटासमोर क्षणभर उभ्या राहिल्या आणि काही न बोलता आत गेल्या. त्या रात्री मी काचेवर आतून वर्तमानपत्र लावले. आठ दिवस दादाचा फोन नव्हता. नवव्या दिवशी आला, वहिनींनी रिसीव्हर घेतला आणि विचारले एवढेच, "जेवलात का?"

सुटीवर आल्यावर दादा सांगत होता. कठड्यांना काटेरी तारांची वेटोळी बांधली होती, पाण्याचे मोठे पाइप मोकळे सोडले होते, आणि डेकवर ठिकठिकाणी बाहुली उभी केली होती. जुन्या बॉयलर सूटमध्ये चिंध्या कोंबायच्या, डोक्यावर शिरस्त्राण ठेवायचे. लांबून वाटावे की पहाऱ्यावर पुष्कळ माणसे आहेत. मी विचारले, "तोंड कसलं काढलंत?" तो म्हणाला, "दोन ठिपके आणि एक रेघ. आणखी काय काढणार?"

मार्च २०११ मध्ये नौदलाने एकसष्ट चाचे पकडून मुंबईला आणले. त्यांचे छायाचित्र मी बराच वेळ पाहत बसलो होतो. कवटी नाही, आकडा नाही, पोपट नाही. दांडा काढलेल्या छत्रीसारखी बसलेली हडकुळी माणसे. दादाने छायाचित्र पाहिले आणि घडी घालून वर्तमानपत्र ठेवून दिले. काचेवरचा कागद मात्र त्या सायंकाळी वहिनींनीच काढला. म्हणाल्या, "धूळ बसते त्यांच्यावर."

२०१० पासून ही बाहुली बंद पुड्यांतूनही मिळू लागली होती. आत कोण आहे ते बाहेरून कळायचे नाही. दुकानात उभे राहून, बोटांनी चाचपून ओळखायचे. (२०२३ पासून पुड्यांच्या जागी कागदी डब्या आल्या आणि बोटांची ती विद्या वाया गेली.) २०१२ साली त्यांच्या आठव्या मालिकेत चाच्यांचा कप्तान निघाला, आणि मी तो दादाला आणायला सांगितला. दादाला चाचपण्यात गम्य नव्हते. त्याने सरळ सहा पुड्या आणल्या. रात्री जेवणे झाल्यावर आम्ही सगळ्यांनी मिळून त्या फोडल्या. सहा पुड्यांत एकही चाचा निघाला नाही.

"बरं झालं," वहिनी म्हणाल्या, आणि दादा इतका हसला की त्याला ठसकाच लागला.