बागुलबुवा नसलेला समुद्र

पुण्याजवळच्या मोशीत घरच्या टाकीत समुद्र करायचा म्हणजे पहिलं भांडण पाण्याशी. महापालिकेचं पाणी दिवसाआड येतं, उरलेली गरज टँकर भागवतो, आणि टँकरमधलं बोअरचं पाणी इतकं जड की गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो. प्रवाळाला यातलं काही चालत नाही. आधी पाण्यात जे जे विरघळलंय ते सगळं काढायचं, आरओ आणि त्यापुढच्या डीआयच्या नळकांडीतून गाळून टीडीएस मीटरवर शून्य दिसेपर्यंत आणायचं, आणि मग त्या कोऱ्या पाण्यात लिटरमागे 35-36 ग्रॅम मीठ घालायचं. मीठ म्हणजे स्वयंपाकातलं नव्हे. कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम हे सगळं समुद्राच्या मापात मिसळलेलं, बादलीत मिळणारं आणि किंमत ऐकून घरच्यांनी भुवया उंचावाव्यात असं. 200 लिटरच्या टाकीला ते सात किलोंवर लागतं. गाळताना वाया जाणारं पाणी शुद्ध पाण्याच्या दुप्पट-तिप्पट. ते फरशीला आणि बाथरूमच्या बादलीत गेलं नाही तर समुद्रासकट समुद्रवाल्याचीही घरातून रवानगी व्हायची.

पुण्याच्या आसपासची ही जमीन समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच. खाली ज्वालामुखीचा काळा कातळ, शेजारी इंद्रायणी, समोर चाकणकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग. इथे कुणी समुद्र का करावा, याला धड उत्तर नाही. जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी 1961 मध्ये टाकीत समुद्र जगवण्याची आपली पद्धत लिहून प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांच्याकडे यंत्रं जवळजवळ नव्हतीच. समुद्रातून जिवाणूंसकट आणलेले जिवंत खडक, ऊन आणि हवेचे संथ बुडबुडे, एवढ्यावर त्यांचे प्रवाळ जगत. पण त्यांना समुद्र जवळ होता. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय 1951 मध्ये सुरू झालं, त्यालाही रस्ता ओलांडला की समुद्र. आम्हाला तो बादलीतून आणून ढवळावा लागतो.

एका बाबतीत मात्र घाटमाथा मुंबईला मात देतो. प्रवाळाला पाणी 25-26 अंशांच्या आसपास लागतं आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशीकडे निघालेला असतो. मुंबईकराला चिलर घ्यावाच लागतो. इथली हवा उन्हाळ्यात इतकी कोरडी की पाण्याच्या पृष्ठभागावर साधा पंखा सोडला तरी बाष्पीभवनानं दोन-तीन अंश उतरतात. बदल्यात रोज तांब्या-तांब्यानं पाणी उडतं. त्याची भरपाई गोड्या पाण्यानं करायची, कारण मीठ कुठे उडत नाही. जूनमध्ये हवा ओली झाली की ही युक्ती लंगडी पडते, पण तोवर ढगांनीच ऊन अडवलेलं असतं.

दुसरा शत्रू गुरुवार. भोसरी-पिंपरीच्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, म्हणून वीजवाहिन्यांच्या दुरुस्तीलाही तोच वार सोयीचा. वीज गेली की लाटा करणारा पंप थांबतो आणि बंद काचेतला प्राणवायू उतरायला लागतो. लोकांचा इन्व्हर्टर टीव्ही आणि वायफायला असतो, आमचा लाटांना.

एवढी सरबराई ज्याची करायची तो प्रवाळ झाड नव्हे, दगडही नव्हे. तो प्राणी आहे. एकेक बोंडाएवढा, तोंडाभोवती स्पर्शिका, आणि पेशींच्या आत भाडेकरू म्हणून सूक्ष्म शैवाल. शैवाल उजेडात साखर करतं, घरमालकाला देतं. पाणी फार तापलं की हा करार मोडतो, शैवाल बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरा होतो. माझा लाडका झिनिया. देठावर हात फुटावेत तसे त्याचे पॉलिप मुठी उघडतात, मिटतात, पुन्हा उघडतात. हा व्यायाम कशासाठी, हे 2013 मध्ये इस्रायलच्या संशोधकांनी तांबड्या समुद्रातल्या झिनियावर तपासलं. प्रकाशसंश्लेषणातून साचलेला प्राणवायू या हालचालीनं दूर ढकलला जातो आणि शैवालाचं काम जोरात चालतं. रात्रंदिवस चालणारी ही कवायत दुपारी अर्धा तास तेवढी थांबते, असंही त्यांना दिसलं. पुणे जिल्ह्यातल्या माणसाला याचं कारण विचारावंसं वाटत नाही.

झिनिया, मश्रूम, लेदर ही मऊ मंडळी. चुन्याचे मनोरे बांधणारे, शिंगांसारख्या फांद्या फुटणारे कठीण प्रवाळ मी ठेवत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ते 2001 पासून आहेत, वाघाच्या पंगतीत. समुद्रपंखे आणि काळे प्रवाळही त्यात आले. एखाद्या दुकानाच्या मागच्या टाकीत ते दिसतात, भाव कानात सांगितला जातो. कायदा बाजूला ठेवला तरी मला हे रुचत नाही. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी वरळी-हाजीअलीच्या खडकांवरच्या 18 प्रवाळ वसाहती 2020 मध्ये परवानग्या काढून अलगद दुसरीकडे न्याव्या लागल्या. जिथे सरकारी प्रकल्पाला ओंजळभर प्रवाळापाशी थांबावं लागतं, तिथे आपण दिवाणखान्याच्या शोभेसाठी कोण लागून गेलो? शेजारच्या काकूंना मात्र या टाकीत मंगळाचं पोवळं पिकेल अशी आशा होती. ते लाल पोवळं भूमध्य समुद्रातल्या अंधुक उजेडात वाढतं, त्याला शैवालाचं भाडंही मिळत नाही. त्यांचा थोडा हिरमोड झाला.

आता मासे. नव्या माणसाला टाकीत थवा हवा असतो. दुकानदार हमखास हिरवा क्रोमिस दाखवतो. बोटभर लांब, पाचूवर निळी झाक मारलेली, स्वस्त आणि शांत म्हणून ख्याती. दुकानातल्या उघड्या टाकीत पन्नास क्रोमिस एका अंगानं वळतात तेव्हा भानच हरपतं. घरी आणल्यावर पहिले काही दिवस तसंच चालतं. मग थवा सैलावतो. एकेकजण आपापला दगड धरतो. सगळ्यात मोठा क्रोमिस सगळ्यात लहानाला टोचायला लागतो. लहान मासा कोपऱ्यात, पंपाच्या मागे, आणि एका सकाळी दिसेनासा. मग त्याच्यावरच्याचा नंबर. थोडे आजारानं जातात, पण बरेचसे असे. बऱ्याच हौशी लोकांच्या टाकीत वर्ष उलटलं की एक-दोनच उरतात. संख्या विषम ठेवा, सात आणा, नऊ आणा, असले तोडगे सांगितले जातात. माझा त्यांवर विश्वास नाही. माशाला सम-विषम कोण शिकवणार?

कारण जुनं आहे आणि ते आपल्या गटारात पोहतंय. डासांच्या अळ्या खायला महापालिका जे गप्पी मासे सोडते, ते मूळचे त्रिनिदादच्या बाजूचे. बेनोनी सेगर्स यांनी 1974 मध्ये तिथल्या ओढ्यांमधले गप्पी ताडून पाहिले. ज्या ओढ्यात गप्पी खाणारे मोठे मासे, तिथले गप्पी घट्ट थवा करून राहत. जिथे तसा धोका कमी, तिथले विखुरलेले. त्याआधी तीन वर्षं इंग्लंडच्या डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांनी कळपाचं गणित मांडलं होतं. त्यात प्रेमाला जागा नव्हती. प्रत्येकजण आपल्या नि शिकाऱ्याच्या मध्ये दुसरा कुणी यावा एवढ्यासाठी आत सरकतो, आणि सगळे आत सरकले की कळप होतो.

आमच्या सोसायटीत टँकर आला नाही की मी हेच बघतो. ऑटो कंपनीतला सुपरवायझर, आयटीवाला, लातूरहून आलेलं नवं जोडपं, सगळे गेटपाशी एका आवाजात बोलतात. पाणी आलं की संध्याकाळी त्याच ग्रुपवर पार्किंगवरून एकमेकांचे लचके.

क्रोमिसच्या थव्याला बागुलबुवा लागतो. काचेपुढून झाडू फिरला की दोन क्षण तो जमतो आणि झाडू गेला की विस्कटतो. म्हणून काहीजण मुद्दाम एखादा दांडगा मासा सोडतात. थवा जमतोही. पण लहान जिवांना जन्मभर धाकात ठेवून मिळणारी शोभा मला सोसत नाही.

आणि नुसत्या धाकानंही भागत नाही. समुद्रात क्रोमिस फांद्यांच्या प्रवाळाभोवतीच तरंगतो, प्रवाहातले सूक्ष्म जीव टिपतो आणि सावली पडली की फांद्यांत शिरतो. रात्री झोपतोही तिथेच. त्याच्या उत्सर्गातला नायट्रोजन प्रवाळाला खत म्हणून मिळतो. म्हणजे शिकारी, घर आणि मासा, तिन्ही मिळून थवा. यातलं घर माझ्याकडे कायद्यानं येऊ शकत नाही, शिकारी मला नको. उरतो नुसता मासा. तोही बहुधा दूरच्या समुद्रातून जाळ्यानं धरून आणलेला.

त्यापेक्षा क्लाउनफिश बरे. ते हॅचरीत जन्मतात. आपल्याकडे ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातही त्यांची पैदास झाली आहे. ते जोडीनं राहतात. मादी गेली तर नर मादी होतो. अँथियस माशांमध्ये याच्या उलट. तिथे नर नाहीसा झाला की मादी नर होते, हे लेव्ह फिशेलसन यांनी 1970 मध्ये दाखवलं. क्लाउनची जोडी लेदर प्रवाळालाच समुद्रफूल समजून त्यात लोळते. लेदर चिडून दोन दिवस मिटून बसतो, मग सवयीनं उघडतो.

थवा बघायचा तर आपल्याकडे विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर आंग्रिया बँक आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं बुडालेलं पठार, माथा पाण्याखाली वीसेक मीटर, वर कठीण प्रवाळ आणि त्यांच्यावरून शिकारी मासे फिरतायत. आपल्याला तिथे सहजी जाता येत नाही, हे त्या माशांच्या पथ्यावरच पडलेलं आहे.

दुकानदाराचा अजून फोन येतो. ‘‘साहेब, क्रोमिसचा लॉट आलाय, एकदम हिरवेगार, दहा घेतले तर कमी करतो.’’ मी विचारतो, काचेवरचं शेवाळ खाणाऱ्या गोगलगाई आल्यात का?