चार मीटरची गाडी

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पेढी असलेल्या एका कुटुंबात २०१२ च्या दिवाळीपूर्वी नवी गाडी घेण्याचे ठरले. घरात अप्पा, त्यांच्या वृद्ध मातोश्री, पत्नी, दोन मुलगे आणि एक सून अशी सहा माणसे होती. जुनी व्हॅन अजून चालत होती. परंतु अप्पांना महिन्यातून दोन वेळा पुण्याला आणि मधल्या दिवसांत कोल्हापूर, कराड, सोलापूर असे वसुलीला जावे लागे, आणि व्हॅनमधून सहा तासांचा प्रवास करून उतरल्यावर समोरच्या व्यापाऱ्याशी दराची बोलणी करण्याइतके त्राण अंगात उरत नसे.

गाडी डिझेलची घ्यावी हा निर्णय पेढीवरच, चोपडीच्या मागच्या पानावर झाला. त्या वर्षी मे महिन्यात पेट्रोल एका रात्रीत लिटरमागे सुमारे साडेसात रुपयांनी महागले होते. सप्टेंबरात डिझेलही ५ रुपयांनी चढले, तरीही दोहोंत वीस रुपयांहून अधिक अंतर होते. अप्पांनी पेट्रोल ७५ रुपये आणि डिझेल ५२ रुपये धरले. पेट्रोलची गाडी लिटरला १५ किलोमीटर आणि डिझेलची २० देईल असे मानले. जाहिरातीतील आकडे याहून बरेच मोठे होते. पण व्यापारी माणूस विकणाऱ्याच्या वजनावर कधी माल उचलत नाही. पेट्रोलचा खर्च किलोमीटरला ५ रुपये, डिझेलचा २ रुपये ६० पैसे. बचत २ रुपये ४० पैसे. डिझेल गाडीची किंमत सुमारे एक लाखाने अधिक. महिन्याला २,००० किलोमीटर फिरणे असल्यामुळे कर्जावरील व्याज आणि सर्व्हिसिंगचा जादा खर्च धरूनही हे लाख रुपये अडीच वर्षांत वसूल होत होते. हिशेब चोख होता. त्यात एक गोष्ट मात्र कोठेच मांडलेली नव्हती. ती पुढे येईलच.

स्विफ्ट डिझायर ही गाडी मुलांनी सुचविली. धाकट्याचा मात्र तिच्या रूपावर आक्षेप होता. पुढून बरी दिसणारी ही गाडी मागे कोणीतरी करवतीने कापल्यासारखी संपते, असे तो म्हणे. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते, आणि कापणारा कोण हेही सांगता येते. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणले गेले. छोटी मोटार म्हणजे लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोलचे असल्यास १,२०० सीसीपर्यंत, डिझेलचे असल्यास १,५०० सीसीपर्यंत. या रेषेच्या आत डिकीची गाडी प्रथम टाटांनी २००८ मध्ये इंडिगो सीएसच्या रूपाने आणली. त्याच वर्षी आलेली पहिली डिझायर ४,१६० मिलिमीटर लांब होती आणि तिची डिकी ४४० लिटरची होती. २०१२ च्या नव्या डिझायरची लांबी ३,९९५ मिलिमीटर झाली आणि डिकी ३१६ लिटरची. मागच्या माणसाचे गुडघे टेकू नयेत म्हणून आतली जागा थोडी वाढविली गेली. जी छाटणी झाली ती सामानाची. पुढे जीएसटी आला तरी ही चार मीटरची रेषा पुसली गेली नाही. आपल्याकडच्या कित्येक गाड्यांचा घाट असा कररचनेने ठरविलेला आहे, आणि कराला सौंदर्यदृष्टी असण्याचे कारण नाही.

३१६ लिटरच्या डिकीत या कुटुंबाचे काय मावत होते? दोन मोठ्या बॅगा, आजींची घडीची खुर्ची आणि हळदीच्या नमुन्यांची एक पिशवी. लग्नकार्याला जाताना आहेराची खोकी मांडीवर घ्यावी लागत. परंतु डिकी प्रवाशांपासून वेगळी असण्याचा जो लाभ हळदीच्या व्यापाऱ्याला होतो, तो अन्य कोणाला तितकासा समजणार नाही. व्हॅनमध्ये नमुन्यांचा वास कपड्यांना लागे. पाहुणे गाडीत बसले की शिंका येत. आता पिशवी डिकीत बंद राही आणि पुण्यापर्यंत तिची आठवणही होत नसे. पेढीवरून थेट गाडीत बसणाऱ्यांच्या कपड्यांचे मात्र काय करणार? आतली सजावट फिक्या बदामी रंगाची होती. शोरूममध्ये ती फार खानदानी दिसली होती. पहिल्याच हंगामात चालकाशेजारच्या आसनावर पिवळा पंजा उमटला. सुनेने साबण, लिंबू, ऊन सगळे करून पाहिले. पंजा फिकट झाला, गेला नाही. त्यानंतर सर्व आसनांवर गडद कव्हरे चढली आणि तो बदामी रंग पुन्हा कोणी पाहिला नाही.

इंजिन इटलीच्या फियाटने विकसित केलेले, १,२४८ सीसीचे. हेच इंजिन त्या काळी भारतात फियाट, टाटा आणि मारुती अशा तिघांच्या गाड्यांतून फिरत होते. त्याचा स्वभाव अप्पांना महिनाभरात उमगला. इंजिनाचे फेरे मिनिटाला २,००० च्या खाली असताना ते आळसावलेले असते आणि त्या आकड्याजवळ पोचले की टर्बो जागा होऊन गाडी एकदम पुढे झेपावते. गणपती पेठेच्या गर्दीत त्यामुळे सारखा पहिला-दुसरा गिअर करावा लागे आणि डावा पाय भरून येई. उलट खंबाटकी घाटात पाच माणसे व भरलेली डिकी घेऊन तिसऱ्या गिअरवर ती कुरकुर न करता चढे. पेठ नाक्यापर्यंतचा रस्ता त्या वर्षांत कसा होता हे सांगलीकरांना सांगायला नको. तेथे जमिनीपासूनची १७० मिलिमीटरची उंची उपयोगी पडे. लांबून आल्यावर चावी लगेच फिरवायची नाही, टर्बोला थंड होण्यासाठी इंजिन मिनिटभर चालू ठेवायचे, हा नियम अप्पांनी मुलांनाही लावला होता. त्या मिनिटात आजी दार उघडून उतरण्याची तयारी करीत.

चोपडीत न मांडलेली गोष्ट ती हीच. गाडी आली तेव्हा आजी ७४ वर्षांच्या होत्या आणि दोन्ही गुडघे संधिवाताने धरलेले होते. व्हॅनची पायरी चढताना दोघांना त्यांचे हात धरावे लागत. म्हणून त्यांनी बाहेर जाणेच कमी केले होते. जयसिंगपूरला दिलेली लेक दीड वर्ष आईच्या येण्याची वाट पाहत होती. नव्या गाडीत आजी कोणाच्याही मदतीशिवाय बसल्या. डावे मागचे दार पूर्ण उघडायचे, गाडीकडे पाठ करायची, सावकाश आसनावर टेकायचे आणि मग वरची मूठ धरून दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. हे त्यांना कोणी शिकविले नव्हते. आसन बरोबर त्यांच्या मांडीच्या उंचीला येत होते. छोट्या स्विफ्टवरून बेतलेली असल्यामुळे ही गाडी लांबीच्या मानाने उंच आहे, १,५५५ मिलिमीटर. धाकटा जिला बेढब म्हणत होता, ती हीच उंची. ऐटबाज, लांब, जमिनीलगत बसणाऱ्या सेडानमध्ये आजींना खाली उतरून बसावे लागले असते आणि उठताना कोणीतरी ओढून काढावे लागले असते. गाडी आल्यापासून दुसऱ्याच आठवड्यात त्या जयसिंगपूरला जाऊन चार दिवस राहून आल्या.

२०२० नंतर पेढीचे काम बदलले. नमुने कुरिअरने जाऊ लागले, सौदे फोनवर होऊ लागले. गाडी पावणेदोन लाख किलोमीटर चालली होती. आता महिन्याला जेमतेम ४०० किलोमीटर होत. यार्ड, मिरजेचे दवाखाने, जयसिंगपूर, एवढेच. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष आले आणि मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या. इतरांच्या डिझेल सेडानही पुढील तीन वर्षांत एकेक करून दिसेनाशा झाल्या. डिझेलच हवे तर एसयूव्ही घ्यावी लागेल, असे धाकट्याने मांडले.

"अप्पा, वहीत या गाडीची किंमत राहिलीच किती? विकून टाकू."

वहीपुरते ते खरे होते. दरसाल १५ टक्के घसारा धरला, की दहा वर्षांत शंभराचे वीसच उरतात. २०२१ च्या अखेरीस एका रविवारी सगळे शोरूममध्ये गेले. गाडी देखणी होती. आजींनी पायफळीवर उजवा पाय ठेवला, मूठ धरली, क्षणभर थांबल्या आणि पाय खाली घेतला.

"छान आहे रे. तुम्ही घ्या. मला आता कुठं जायचंय?"

परतीच्या वाटेवर कोणी फारसे बोलले नाही. रात्री अप्पांनी पुन्हा हिशेब केला. पेट्रोल ११० आणि डिझेल ९५ धरले, तरी किलोमीटरमागील बचत अडीच रुपयांच्या वरच येत होती. म्हणजे नऊ वर्षांत ती घटली नव्हतीच. घटले होते ते किलोमीटर. महिन्याला ४०० किलोमीटर म्हणजे हजार रुपयांची बचत. लाखभर रुपयांच्या फरकावरील व्याजच त्यातील मोठा भाग खाऊन टाकणार. शिवाय नव्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडविणारी गाळणी असते. ती काजळी जळण्यासाठी गाडी मधूनमधून लांब आणि वेगाने चालावी लागते. मिरजेच्या फेऱ्यांत ते व्हायचे कसे? अप्पांनी धाकट्यापुढे वही सरकविली. शोरूममधील प्रसंगाचा उल्लेख दोघांनीही केला नाही. गाडीला नवा क्लच आणि चार टायर बसले.

आजी त्यानंतर दोन वर्षे होत्या. जयसिंगपूरच्या फेऱ्या शेवटच्या पावसाळ्यापर्यंत चालू राहिल्या.

गाडीच्या नोंदणीची पंधरा वर्षे २०२७ च्या दिवाळीत पूर्ण होतात. फिटनेस तपासणी करून नोंदणी आणखी पाच वर्षे वाढवून घ्यायची, असे धाकट्यानेच ठरविले आहे. अप्पांनी गेल्या वर्षापासून स्टिअरिंग सोडले. त्यांचा उजवा गुडघा दुखतो. ते डावे मागचे दार पूर्ण उघडतात, गाडीकडे पाठ करून टेकतात, आणि वरची मूठ धरून दोन्ही पाय एकदम आत घेतात.