राखेचा माग काढणारा झोत

राजूरच्या चुनाभट्टीवर काम करणाऱ्याला हे सांगावे लागत नाही, की खालचा माल आणि राख वेळेवर ओढली नाही तर वरची आग मंदावते. अणुसंमीलनाच्या भट्टीतही राख होते, ती हेलियमची. ड्युटेरियम-ट्रिटियमच्या मीलनातून झालेल्या हेलियमने आपली उष्णता प्लाझ्माला दिली, की पुढे तो नुसती इंधनाची जागा अडवतो. फ्रान्समध्ये उभ्या राहणाऱ्या ईटर यंत्राच्या गाभ्यात, सुमारे १५ कोटी अंशांना, ही राख किती साचली हे सळई खुपसून बघता येणार नाही. म्हणून हायड्रोजनच्या वेगवान अणूंचा झोत आत सोडायचा. हेलियमचे केंद्रक त्यांच्याकडून इलेक्ट्रॉन हिसकावते आणि ४६८.६ नॅनोमीटरचा निळा प्रकाश देते, तो बाहेरून मोजायचा. हा निदानाचा झोत भारताने द्यायचा आहे. काम गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत चालते. प्लाझ्मा तापवणारे झोत १० लाख व्होल्टचे आणि हा १ लाखाचा, म्हणून याला दुय्यम समजणारे भेटतात. मला तो हिशेबच मान्य नाही. झोत किती अँपिअरचा हे विचारण्याआधी तो आतून कसा आहे हे सांगता आले पाहिजे. झोताचा स्रोत आधी बांधू, मोजमाप मागून बघू, हा क्रम इथे चालत नाही.

त्याचे कारण सीझियम. झोतासाठी आधी आयनांना वेग देतात आणि मग त्यांचे उदासीन अणू करतात; एवढ्या ऊर्जेला धन आयनांचे उदासीन अणूंत रूपांतर फार कमी होते. ऋण आयनांचे ६० टक्क्यांच्या आसपास होते, कारण त्यांचा जादा इलेक्ट्रॉन जेमतेम ०.७५ इलेक्ट्रॉन-व्होल्टने चिकटलेला असतो. असे आयन पुरेसे मिळवायला स्रोताच्या जाळीवर सीझियमचा पातळ थर लागतो. पण २८.५ अंशांना वितळणारा हा धातू एका जागी राहील तर शपथ! प्लाझ्मा त्याला हलवतो, निर्वातातली उरलीसुरली वाफ त्याला बिघडवते. थर बिघडला की आयन घटतात आणि जाळीच्या छिद्रांतून इलेक्ट्रॉन भसाभस निघून पुढची जाळी तापवतात.

यावर कोणी म्हणेल, झोत कॅलरीमापीवर पाडा, उष्णता मोजा, झाले. उष्णता कुठे पडली ते त्यातून कळते. का, ते कळत नाही. झोताकडे ६० अंशांच्या कोनातून वर्णपटमापीने पाहिले, तर हायड्रोजनची ६५६.३ नॅनोमीटरची तांबडी रेषा जागेवर दिसते, आणि वेगवान अणूंची दुसरी रेषा तिच्यापासून सुमारे ५ नॅनोमीटर सरकलेली. या दुसरीची रुंदी झोताचा पसारा सांगते. दोन्हींच्या मध्ये उंचवटा आला, तर समजावे की काही आयन पूर्ण वेग घेण्याआधीच इलेक्ट्रॉन गमावून बसले. एका आलेखात दोन दुखणी वेगळी होतात.

राहिला उशिराचा आक्षेप. ईटरच्या २०२४च्या नव्या वेळापत्रकात संशोधन २०३४ला सुरू होते, ड्युटेरियम-ट्रिटियमचे प्रयोग २०३९ला. राजूरच्या भट्टीतल्या कोळशाला यातून लवकर पर्याय मिळेल असे कोणी सांगत असेल, तर ते खोटे आहे. पण स्रोताच्या कामाला हा अवधी हवाच होता. झोताला २० मीटरहून लांब जायचे आहे. पसारा एका मिलिरेडियनने वाढला तरी तिथे २ सेंटीमीटरचा फरक पडतो. आणि रेडिओ लहरींवर चालणाऱ्या स्रोतांचा झोत जुन्या तंतूवाल्या स्रोतांपेक्षा जास्त पसरतो, असे मोजमापे दाखवतात. याच्या कारणावर अजून एकमत नाही. पाडोवा, गार्शिंग आणि गांधीनगर इथल्या चाचणीयंत्रांना आधी हे शोधायचे आहे.