बंबाचा धूर आणि बिनधुराचा विस्तव

दिवाळीचे अभ्यंगस्नान झाले की आमच्या घरी बंबाचे खरे दिवस सुरू होतात. घरात माणसे नऊ. त्यांतली दोन म्हातारी, तीन शाळकरी. पहिली बादली पहाटे धारेला उठणाऱ्यांची आणि शेवटची आठाच्या सुमारास माझी. एवढ्यांचे पाणी आमचा जुना तांब्याचा बंब आजही तापवतो. गावात आता गॅस आला आहे, पुष्कळ छपरांवर सौरबंब दिसतात, विजेच्या कांड्या तर घरोघर आहेत. गॅस आमच्याकडेही आहे. पण तो चहाला आणि भाजीला. रानात तुराट्या, पऱ्हाट्या, मक्याची बुरकुंडे पडलेली असताना आंघोळीच्या पाण्यासाठी पैसे का जाळायचे, असा आमचा साधा हिशेब.

पण जुनी वस्तू म्हटली की ती कुरकुरणारच. बंब पेटत नाही, धूर घरभर होतो, पाणी तापायला तास लागतो, खालून थेंब थेंब गळते, या तक्रारी करीत शेजारणी येतात आणि शेवटी म्हणतात, "मोडीत घालावा म्हणते." तांब्याला मोडीतही भाव चांगला येतो, त्यामुळे मोह होतो. पण मोडीत घालण्याआधी बंबाचे म्हणणे ऐकून घ्यावे, हे मला लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत मामंजींनी शिकवले. ते म्हणत, "बंबाला तीन गोष्टी लागतात. खालून वारा, पोटात पाणी आणि वर मोकळी वाट." इतक्या वर्षांत बंबाची जवळजवळ प्रत्येक तक्रार मला या तिन्हींत बसलेली दिसली.

आधी वाऱ्याचे पाहू. बंबाच्या मधल्या नळकांड्यात आपण जळण टाकतो. त्याच्या बुडाशी जाळी असते आणि जाळीखाली राख पडायची जागा. जाळ वर चढतो तो खालून वारा आत ओढला जातो म्हणून. कालची राख तशीच राहिली की जाळी बुजते, वारा कोंडतो आणि मग फुंकणी घेऊन डोळे लाल करायची वेळ येते. रोज सकाळी पेटवण्याआधी राख काढणे हा निम्मा इलाज आहे. दुसरी गोष्ट, नळकांडे ठासून भरू नये. तळाशी चार काड्या आडव्यातिडव्या, त्यावर एखादी गोवरीची फोड, आणि जाळ धरला की मग हळूहळू जाड जळण. काढलेली राख मात्र निवल्याखेरीज उकिरड्यावर किंवा कडब्याच्या गंजीजवळ टाकू नये. वरून पांढरी झालेली राख पोटात विस्तव धरून असते.

जळण वाळलेले असणे हाही वाऱ्याइतकाच मोठा भाग. ताज्या तोडीच्या लाकडात जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असू शकते. वीस लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला ५०० किलोकॅलरी उष्णता लागते. आणि लाकडातले एक लिटर पाणी उकळून त्याची वाफ व्हायला तेवढीच, किंबहुना थोडी जास्तच उष्णता जाते. म्हणजे ओले लाकूड जाळणारी बाई एक बादली न्हाणीत आणि दुसरी धुराबरोबर आभाळात तापवत असते. म्हणून उन्हाळ्यातच जळण फोडून, पावसाळ्यात छपराखाली रचून ठेवावे. दोन काड्या एकमेकींवर आपटल्या की टणक वाजल्या पाहिजेत. थप्प असा आवाज आला तर ते जळण अजून ओले आहे.

आता पोटातले पाणी. काळ्या रानातल्या विहिरींचे आणि बोअरचे पाणी बहुधा जड असते. ते तापले की त्यातला चुना वेगळा होऊन तांब्याला आतून चिकटतो. दोनचार वर्षांत त्याचे जाड पूट बसते. मग जाळ तोच, पण पाणी तापायला वेळ दुप्पट. बंब तापताना आतून कटकट, ठकठक आवाज येऊ लागला, तर हे पूट धरले आहे असे समजावे. त्यावर हातोडी चालवू नये; पत्रा पिचतो. बाजारातले तेजाबही ओतू नये. ते चुन्याबरोबर तांबे आणि जोडही खाते, आणि त्याची वाफ छातीला वाईट. बंब थंड असताना चिंचेचा दाट कोळ किंवा लिंबूसत्त्व घातलेले पाणी रात्रभर भरून ठेवावे. बारीक बुडबुडे येऊन पूट सुटू लागते. सकाळी ओतून, दोनतीनदा खळखळून धुवावे. फार जुने असेल तर आठवड्याने पुन्हा करावे.

गळतीचे कारण बहुतेक वेळा एकच निघते: बंब कोरडा जळणे. जोडांना दिलेला डाग ही कथील आणि शिशाची मिसळ असते. ती सुमारे २०० अंशांच्या आसपास वितळते. पोटात पाणी आहे तोवर जोडांची उष्णता शंभराच्या फार वर जात नाही आणि डाग टिकतो. पाणी संपले आणि जाळ चालू राहिला की डाग सुटलाच म्हणून समजा. म्हणून आमच्या घरी नियम आहे: ज्याने बादली काढली, त्याने बादली ओतायची. लहान मुलेही हा नियम पाळतात. डाग सुटलाच तर तांबटाकडे न्यावा. पुण्याला कसबा पेठेत तांबट आळी आहे. तिथल्या कारागिरांचा तांब्यापितळेची भांडी ठोकण्याचा धंदा पिढ्यान्‌पिढ्यांचा. तालुक्याच्या बाजारातही एखादा जाणता कारागीर अजून सापडतो. कल्हईची मात्र आंघोळीच्या बंबाला गरज नसते. ती स्वयंपाकाच्या भांड्यांना हवी, कारण आंबट पदार्थ तांब्यापितळेत कळकतो.

तिसरी गोष्ट, वरची वाट. ओल्या जळणाने नळकांड्यात डांबरासारखी चिकट काजळी धरते. वाट अरुंद होते, धूर मागे फिरतो, आणि काजळीच्या थराने उष्णताही पाण्यापर्यंत नीट पोचत नाही. दर पंधरा दिवसांनी, बंब पूर्ण थंड असताना, बांबूच्या काठीला नारळाची शेंडी घट्ट बांधून नळकांडे वरून खाली घासावे. पाच मिनिटांचे काम.

इथवरचे सारे दिसणारे आहे. धूर झाला की डोळे चुरचुरतात, माणूस खोकतो, काहीतरी बिघडले हे कळते. खरा घात करतो तो बिनधुराचा विस्तव. हे आमच्या घरात २०१९ च्या जानेवारीत कळले.

नणंद बाळंतपणाला आली होती. बाळ बारा दिवसांचे. कडाक्याची थंडी होती. रीतीप्रमाणे बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, तिच्यावर ओव्याची धुरी, दाराला गोधडी आणि खिडकी बंद. धूर निघून गेलेले लालबुंद निखारे, त्यामुळे कुणाला शंका नव्हती. दुपारी नणंदेचे डोके जड झाले, मळमळू लागले, उठून बसता येईना. मालीश करणारी म्हणाली, वात झाला असेल. योगायोगाने उपकेंद्रातल्या नर्सबाई बाळंतिणीला बघायला आल्या. त्यांनी दारात पाऊल टाकताच गोधडी ओढून काढली, खिडकी उघडली, मायलेकरांना ओसरीवर आणवले आणि शेगडी अंगणात. थोड्या वेळाने नणंद नीट बोलू लागली. तरीही त्यांनी दोघांना दवाखान्यात पाठवलेच. दोघे सुखरूप घरी आले.

सासूबाईंना ते पटेना. त्या म्हणाल्या, "माझी चार बाळंतपणे याच खोलीत झाली. शेगडी हीच होती. तेव्हा कसे काही झाले नाही?"

नर्सबाईंनी वर पाहिले. म्हणाल्या, "तेव्हा इथे माळवद होते ना, आजी? मग वर सवणे असेल."

होते. खोलीवर स्लॅब पडला तेव्हा सवणे गेले. भिंतीतला झरोका गवंड्याने बुजवला, लाकडी फटींची खिडकी जाऊन काचेची आली. खोली चांगली झाली, उबदार झाली; पण विस्तवाची वाट बंद झाली. घर बदलले आणि रीत तीच राहिली.

निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या तांबड्या द्रव्याला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो आणि प्राणवायूला जागाच उरू देत नाही. डोके दुखणे, भोवळ, मळमळ ही त्याची पहिली चिन्हे. झोपलेल्या माणसाला तीही कळत नाहीत. हाच वायू बंबातून निघतो आणि बंद न्हाणीत बसवलेल्या गॅसच्या गिझरमधूनही.

म्हणून बायांनो, एवढे करा. बंब पडवीत किंवा उघड्या परसात ठेवा. न्हाणीतच असेल तर वर आणि खाली झरोका हवाच. तिथे थंडीतही चिंधी कोंबू नका. पाणी काढून घ्या आणि मग आंघोळीचे दार लावा. गॅसचा गिझर न्हाणीच्या बाहेर बसवून घ्या. झोपायच्या खोलीत शेगडी, घमेले, निखारा काहीही नेऊ नका, धूर गेलेला असला तरी. बाळंतिणीच्या कमरेला गरम पाण्याची रबरी पिशवी फडक्यात गुंडाळून द्या. बाळाला टोपडे घालून आईच्या उघड्या छातीशी धरा आणि वरून पांघरूण घाला. त्याच्यासाठी त्याहून चांगली ऊब नाही. आणि बंद खोलीत विस्तव असताना कुणाचे डोके जड झाले, तर नजर उतरवत बसू नका. आधी माणूस उघड्यावर आणा, मग विस्तव बाहेर काढा, आणि लगेच दवाखाना गाठा.

घराची डागडुजी निघाली तर गवंड्याला आधीच बजावा, झरोका बुजवायचा नाही. आमच्या बाळंतिणीच्या खोलीत आता स्लॅबच्या खाली, भिंतीत, वीतभर जाळीदार झरोका आहे. तो सासूबाईंनी स्वतः उभे राहून पाडून घेतला.