अर्धा भरलेला मोर

पत्नी निवर्तल्यानंतर तिच्या शिवणाच्या पेटींत जाळीच्या कॅनव्हासावर लोकरीनें अर्धा भरलेला मोर सांपडला. तो आपण पुरा करावा, असें मनानें घेतलें. सूचीकर्म वात्स्यायनानें चौसष्ट कलांत गणिलें आहे. तेव्हां निवृत्त मास्तरानें सुई धरण्यांत कमीपणा कसला?

प्रथम सरळ आडव्या ओळींनीं तिरपे टाके घालीत गेलों. वीतभर काम झालें, तों चौकोनी कापड समांतरभुज चौकोनासारखें कलंडलें. तिचा भाग मात्र काटकोनांत! उलटून पाहिलें, तों पाठीवर टोपलीसारखी वीण. तिनें ओळी कर्णरेषेनें, एक उतरती व एक चढती, अशा भरल्या होत्या. म्हणून ताण दोन्ही दिशांस सारखा वांटला गेला. जन्मभर भूमिति शिकवून हें मला सुचलें नव्हतें! माझे टाके उसवले.

उसवलेली लोकर झिजते, म्हणून नवी आणली. वेष्टनावर रंगाचा क्रमांक तोच. पण रंगवणीची खेप निराळी असली कीं छटा बदलते, हें दुकानदारानें सांगितलें नाहीं. मोराच्या गळ्यावर रेघ उमटली. (वाचकहो, लोकर एकाच खेपेची आणि सगळ्या कामास पुरेल इतकी घ्यावी. धागा हातभरच ओवावा. लांब धागा जाळीवर घांसून विरतो.)

सारा गळा नव्यानें भरावा म्हणून कात्री घेतली, तों सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, सासूबाईंचे टाके कां उसवतां?"

कात्री ठेवली. पेटींत जुन्या लोकरीचे चार धागे उरले होते. रेघेपाशीं एक पदर जुना व एक नवा असे मिळून ओवले. रेघ पुसट झाली आहे, गेलेली नाहीं.