गाडी झोपवताना

'फिल इट, शट इट, फरगेट इट!' आठवतेय ती जाहिरात? 1985 मध्ये हीरो होंडाची सीडी 100 आली ती हे वाक्य घेऊनच. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा. मायलेजवर जीव टाकणाऱ्या आपल्या आई-बाबांच्या पिढीला हे इतकं पटलं की बस्स! पण गाडी वर्ष-दीड वर्ष उभी ठेवायची असेल ना, तर हाच फंडा सगळ्यात डेंजरस. भरूनही ठेवायची नाही आणि विसरायची तर अजिबातच नाही.

या विषयात मी पडले, त्याला कारण ऑनसाइट. अठरा महिने, जर्मनी. व्हिसा झाला, थर्मल्स झाले, आईची भाजणी आणि मेतकूटही बॅगेत गेलं. प्रश्न उरला तो पार्किंगमधल्या काळ्या स्प्लेंडरचा. 2003 ची, बाबांची. मला शाळेत सोडणारी आणि गेली सहा वर्षं कोथरूडहून ऑफिसला नेणारी. आईचं मत सरळ होतं, "विकून टाका, जागा तरी मोकळी होईल." आत्याने तर गिऱ्हाईकही शोधून ठेवलं होतं.

बाबा मात्र गप्प. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं आणि या जुन्या स्प्लेंडरला सेल्फ स्टार्टच नाही, नुसती किक. डॉक्टरांनी किक मारायला साफ मनाई केली होती. मी विचारलं, "बाबा, विकायची का?" तर म्हणाले, "तुझी गाडी आहे, तू ठरव." बावीस वर्षांत त्या गाडीला त्यांनी 'तुझी' म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. विकायचा विषय माझ्यापुरता तिथेच संपला.

मग आला रविवार. मी, सोसायटीजवळच्या गॅरेजवाले काका आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर सुपरव्हायझर म्हणून बाबा.

सुरुवात पेट्रोलपासून. दोन-तीन महिन्यांचाच प्रश्न असेल तर टाकी काठोकाठ भरतात. आत हवा कमी राहते, म्हणजे ओलही कमी. पण दीड वर्षाचा मामला वेगळा. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. ते पाणी टाकीच्या तळाशी बसलं की पत्र्याला आतून गंज लागलाच म्हणून समजा. म्हणून टाकी रिकामी केली. अर्थातच उघड्यावर, आसपास कुणी सिगरेट ओढत नाही ना हे बघून. मग थोडं इंजिन ऑइल आत घालून टाकी सगळीकडून हलवली, म्हणजे आतून तेलाचा पातळ थर बसतो. कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोलही स्क्रू ढिला करून काढलं. नाहीतर ते सुकून चिकट होतं आणि बारीक जेट बुजतात. दोन वर्षांनी गाडी 'स्टार्टच होत नाही' म्हणतात, त्यातली निम्मी रड याच वाटीची असते.

इंजिन ऑइल त्याआधीच, गाडी गरम करून बदललं होतं. "बंदच ठेवायचीय तर नवं ऑइल कशाला वाया?" हा आईचा प्रश्न. काकांचं उत्तर मस्त होतं, "वहिनी, खरकटी भांडी तशीच ठेवून गावाला जाता का तुम्ही?" वापरलेल्या ऑइलमध्ये जळणाची घाण, ओल आणि ॲसिड असतं. इंजिन चालू असताना ते फिरत असतं, पण बंद गाडीत महिनोन्महिने एकाच जागी बसून धातू खातं. मग स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडलं, इग्निशन बंद ठेवून किक हळूहळू चार वेळा फिरवली आणि प्लग परत लावला. त्या चारही किकना बाबांचा उजवा पाय खुर्चीतल्या खुर्चीत हलत होता. मी बघितलं नाहीसं दाखवलं.

चेन रॉकेलने पुसून 90 नंबरचं गिअर ऑइल लावलं. गाडी मेन स्टँडवर घेतली, टायरमध्ये हवा नीट भरली आणि चाकाखाली फळी सरकवली, कारण पुण्याचा पाऊस फरशीतूनही ओल पाठवतो. सायलेन्सरच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी आणि रबरबँड. त्याची आठवण म्हणून हँडलला चिठ्ठी. वरून आईची जुनी सुती चादर आणि त्यावर हवा खेळणारं कव्हर. ताडपत्री नकोच, आतल्या आत घाम धरते. उंदरांना वायरी फार आवडतात, तेव्हा सीटखाली अधूनमधून डोकवावं लागतं.

कागदपत्रंही गाडीइतकीच महत्त्वाची बरं का! खासगी बाइकचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं, पुढे दर पाच वर्षांनी रिन्यू. आमचं 2028 पर्यंत आहे. 1 एप्रिल 2019 च्या आधीच्या गाड्यांना लागणारी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवून झाली होती. थर्ड पार्टी इन्शुरन्स चालूच ठेवला. पीयूसी आल्यावर.

आता एक गैरसमज. "रविवारी दोन मिनिटं स्टार्ट करून ठेवा," असं सगळे सांगतात. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये कितीतरी जणांनी तेच केलं. पण दोन मिनिटांत इंजिन पुरतं तापत नाही. जळणातून झालेलं पाणी सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये तसंच राहतं. फिरवायचीच तर दहा-पंधरा किलोमीटर नीट फिरवा, नाहीतर हातच लावू नका.

हात लावायचा तो बॅटरीला. ती काढून घरात आणली. लेड ॲसिड बॅटरी नुसती ठेवली तरी उतरते आणि फार उतरली की कामातून जाते. म्हणून महिन्यातून एकदा मल्टिमीटरने व्होल्टेज बघायचं. 12.6 च्या आसपास म्हणजे फुल, 12.4 च्या खाली गेली की छोट्या चार्जरवर लावायची. हे काम कुणाचं, यावर घरात चर्चाच झाली नाही. बाबांनी मल्टिमीटर उचलला आणि कपाटातून एक कोरी डायरी काढली.

मला इथे येऊन सात महिने झाले. दर महिन्याच्या एक तारखेला व्हॉट्सॲपवर रिपोर्ट येतो. '12.6. उंदीर नाही.' पुढच्या महिन्यात, '12.5. पाऊस फार. चादर बदलली.' तब्येतीचं विचारलं तर पूर्वी फक्त 'बरा आहे' असायचं. गेल्या महिन्यात मात्र आलं, '12.6. मागचं चाक फिरवून ठेवलं. दोन्ही जिने न थांबता उतरलो.'

परत गेले की नवं पेट्रोल, बॅटरी, हवा, ब्रेक चेक, सायलेन्सरची पिशवी आठवणीने काढायची आणि मग पीयूसी. किक मी मारणार. मागे बसायला डॉक्टर कधी परवानगी देतील, हे बाबांनी आत्ताच विचारून ठेवलंय म्हणे.